साबेर की कोनोसेर? घोळ ‘माहीत आहे’चा आहे

‘साबेर म्हणजे माहीत असणं, कोनोसेर म्हणजे ओळखणं.’ स्पॅनिश शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत पहिल्याच आठवड्यात हे वाक्य उतरतं, आणि वहीचा मालक पुढच्याच पानावर चुकतो. वाक्य खोटं नाही, पण त्यावर भागत नाही.

माणसांचं सोपं आहे. ओळखीच्या माणसाला कोनोसेर, आणि मध्ये ‘आ’: ‘कोनोस्को आ मारीआ’. (हा ‘आ’ गाळणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे.) साबेरचा ‘चव असणं’ हा अर्थही कुणाला फारसा अडत नाही, ‘साबे आ आखो’ म्हणजे लसणाची चव लागतेय. मूळ लॅटिन ‘सापेरे’तच चव आणि शहाणपण एकत्र नांदतात.

खरी पंचाईत होते ती गावांची. नुसतं नाव ऐकलेल्या शहराबद्दलही आपण ‘हो, माहीत आहे’ म्हणून मोकळे होतो. ‘कोनोसेस सेविया?’ या प्रश्नाचा अर्थ मात्र ‘सेवियाला गेला आहेस का?’ असा असतो. एका स्पॅनिश बाईंना मी बेधडक ‘सी’ म्हटलं. त्यांचा चेहरा खुलला. त्रिआना भागात फिरलास का, गिराल्दावर चढलास का, त्या विचारत सुटल्या. गिराल्दा मी फक्त फोटोत पाहिलेला मनोरा! मी म्हणायला हवं होतं, ‘नो, पेरो से दोंदे एस्ता’: नाही, पण कुठे आहे ते माहीत आहे. (‘से’ हे साबेरचंच रूप.) पत्ता, तारीख, बातमी, जे दुसऱ्याला सांगून टाकता येतं ते साबेरचं. जिथे स्वतः जाऊन यावं लागतं ते कोनोसेरचं.

गाण्याचंही तसंच. ‘कोनोस्को ला कान्सिओन’ म्हणजे गाणं ऐकलेलं आहे. ‘मे से ला कान्सिओन’ म्हणालात तर पाठ आहे, आणि मग लोक म्हणून दाखवायला सांगतात.

इथे मराठीतलं ‘येणं’ हाताशी असताना लोक इंग्रजीला वळसा का घालतात, मला कळत नाही. मला पोहता येत नाही: ‘नो से नादार’. इंग्रजीवरून आलेला हमखास ‘नो प्वेदो नादार’ म्हणतो. त्याचा अर्थ आत्ता पोहणं शक्य नाही, हात प्लास्टरमध्ये आहे वगैरे.

भूतकाळातही तेच. ‘या लो साबीआ’: मला आधीच माहीत होतं. ‘लो सुपे आयेर’: मला काल कळलं. ‘ला कोनोसीआ’ म्हणजे तिला ओळखत होतो, ‘ला कोनोसी’ म्हणजे तिची ओळख झाली. मराठीत ‘कळलं’ असा नेमका शब्द असताना ‘सुपे’खाली ‘मला माहीत होतं’ लिहिणाऱ्याचे मी गुण कापतो.