घरी कापड रंगवण्याची पार्श्वभूमी: काँगो रेड ते ‘अ‍ॅझो-फ्री’

आपल्या हातच्या कुडत्याचे कापडही आपणच रंगवावे, असे वाटणारी मंडळी बडोद्यात आता बरीच भेटतात. रंग कोणता आणू, असे विचारले की त्यांना ‘अ‍ॅझो-फ्री घ्या’ (अ‍ॅझो हा रासायनिक रंगांचा एक मोठा गट) हे ठरलेले उत्तर मिळते. ते अर्धवट आहे, आणि का अर्धवट आहे हे त्याच्या इतिहासातच आहे.

तुरटी, हिरडा, मंजिष्ठा आणि नीळ यांचे जुने रंगकाम इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. १८५६ मध्ये एका अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या हाती डांबरापासून जांभळा रंग लागला आणि पुढच्या सुमारे चार दशकांत मंजिष्ठेचा लाल व नीळ हे दोन्ही रंग कारखान्यात होऊ लागले. १८९० साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, तेव्हा रंगकाम हा तिथला महत्त्वाचा विषय होता. नवे रासायनिक रंग कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेतून शिकवावेत, हा विचार त्या काळाच्या फार पुढचा होता.

घरगुती रंगकामाच्या दृष्टीने मोठा बदल मात्र १८८४ मध्ये झाला, काँगो रेडमुळे. त्याआधी सुती कापडावर लाल धरायचा तर आधी तुरटीचे संस्कार करावे लागत. हा रंग मीठ घातलेल्या गरम पाण्यातून थेट सुतावर बसू लागला. दुपट्टा ‘मॅचिंग’ करून देणारे बाजारातले रंगारी सुतासाठी आजही याच पद्धतीचे ‘डायरेक्ट’ रंग वापरतात. उकळत्या पातेल्यात चिमूटभर पूड टाकायची, काठीने कापड खालीवर करायचे, एक कोपरा पिळून नमुन्याच्या तुकड्याशेजारी धरायचा. कमी वाटले तर आणखी चिमूटभर. काम झटपट होते, पण धुण्यात रंग जातो.

आणखी एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नव्हती. काँगो रेड बेंझिडिन नावाच्या रसायनापासून बनत असे. १८९५ मध्ये एका जर्मन शल्यचिकित्सकाने रंगकारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. पुढे बेंझिडिन आणि त्याच्या जवळची काही अमिने (नायट्रोजनयुक्त संयुगे) कर्करोगकारक ठरली. आपल्याकडे बंदी यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे गेली, आणि ती शंभर वर्षे कामगारांच्या अंगावर गेली.

भारतात बेंझिडिनवर आधारित ४२ रंगांवरची बंदी १९९३ पासून लागू झाली. १९९४ मध्ये जर्मनीने घातक अमिने सोडणाऱ्या रंगांच्या कपड्यांवर निर्बंध आणले. १९९७ मध्ये आपल्याकडे आणखी ७० अ‍ॅझो रंग यादीत गेले, एकूण ११२. हा आरोग्याचा नियम की श्रीमंत देशांनी व्यापारात घातलेली आडकाठी, यावर इथे बरीच वादावादी झाली. निर्यातदारांना चाचण्यांचा खर्च पडला, लहान कारखानदारांना पर्यायी रंग शोधावे लागले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण सगळे जर्मनीच्या धाकाने झाले, हे म्हणणे तारखांपुढे टिकत नाही. आपली पहिली बंदी आधीची आहे. शिवाय ती घालण्याची खरी निकड कापड नेसणाऱ्याइतकीच, किंबहुना जास्त, पूड हाताळणाऱ्याला होती.

गोंधळ झाला तो या बंदीच्या ‘अ‍ॅझो बंदी’ या नावामुळे. बंदी सरसकट अ‍ॅझो रंगांवर नव्हतीच. ज्यांच्या विघटनातून ठरावीक अमिने सुटतात, त्यांच्यावरच होती. युरोपने २००२ मध्ये अशा २२ अमिनांची यादी केली आणि कापडात किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. जगातले कितीतरी पिवळे, केशरी, लाल रंग रचनेने अ‍ॅझोच आहेत आणि त्यातले बरेचसे या यादीत बसत नाहीत. म्हणजे डबीवरच्या ‘अ‍ॅझो-फ्री’चा अर्थ बहुतेक वेळा ‘बंदी असलेली अमिने न सोडणारा’ एवढाच. उलट बाटिकच्या आवडत्या नॅफ्थॉल रंगांतल्या (हे दोन द्रव्ये कापडावरच एकत्र येऊन तयार होतात) ‘गार्नेट जीबीसी’चे मूळ अमिन थेट त्या यादीत आहे. घरात जुन्या डब्या असतील तर हे नाव आधी शोधावे.

आज नवशिक्याला दिले जातात ते बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंग. ते १९५६ मध्ये बाजारात आले. त्यातल्या थंड पाण्याच्या प्रकाराला चूल लागत नाही. मीठ रंगाला सुताकडे ढकलते, धुण्याचा सोडा पाणी अल्कधर्मी करतो आणि रंगाचा रेणू सुताशी रासायनिक बंधाने जोडला जातो. म्हणून तो धुण्यात टिकतो. हे सारे सूती, लिनन, व्हिस्कोसपुरते. पॉलिस्टरवर तो बसत नाही. कोऱ्या मांजरपाटाची खळ आधी धुऊन काढली नाही तर डाग पडतात. पूड कालवताना तोंडावर मास्क हवाच, कारण ती श्वासात गेली तर काहींना दम्यासारखा त्रास होतो.

सोडा पडला की काही रंग सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो. असा रंग नंतर कितीही वेळ ठेवला तरी कापड धरत नाही. तो मोरीतूनच जातो. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी मही नदीच्या मुखाकडे नेणारा पन्नासहून अधिक किलोमीटरचा कालवा १९८३ पासून आहे. घरच्या बादलीला तसे काही नाही. म्हणून पूड मोजूनच घ्यावी. फिका रंग पुन्हा बुडवून गडद करता येतो.