रॉकेट लाँचची परवानगी: नाशिकच्या कंपनीने इन-स्पेसकडे अर्ज कसा करायचा

सातपूर-अंबडला मशीनिंगची इतकी वर्कशॉप्स, ओझरला एचएएल, तरी स्पेसचं काम म्हटलं की "ते सरकारी आहे, आपल्याला कोण परवानगी देणार" असं बरेच जण अजून म्हणतात. 2020 च्या आधी ते बरोबर होतं, खाजगी कंपनीने इस्रोला पार्ट बनवून द्यायचे, स्वतःचं रॉकेट उडवायची वाटच नव्हती. जून 2020 मधे केंद्राने हे क्षेत्र खुलं केलं, इन-स्पेस काढलं, म्हणजे खाजगी कंपन्यांना अवकाशातल्या कामाची परवानगी देणारं सरकारी ऑफिस, त्याचं मुख्य ऑफिस अहमदाबादला आहे, मग स्पेस पॉलिसी 2023 आली आणि मे 2024 ला तिची नियमावली, जिला सगळे एनजीपी म्हणतात. अर्ज होतो तो एनजीपीप्रमाणे.

आधी हे बघा की ही परवानगी तुम्हाला लागते का. तुम्ही टाकी, व्हॉल्व, ब्रॅकेट बनवून लाँच कंपनीला देत असाल तर लाँचचं ऑथरायझेशन तुम्ही नाही काढायचं, जो उडवणार तो काढणार. आपल्याकडचे निम्मे लोक इथेच उगाच घाबरून मागे फिरतात. मात्र माल परदेशात पाठवायचा असेल तर तो स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाच्या सरकारी यादीत येतो का ते ऑर्डर घ्यायच्या आधीच तपासा, येत असेल तर डीजीएफटीचं म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याचं लायसन्स लागतं. घन इंधन किंवा स्फोटकं हाताळणार असाल तर पेसोचं म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेचं लायसन्स वेगळं, त्यांचं मुख्य ऑफिस नागपूरलाच आहे.

आता स्वतः लाँच करणाऱ्यांचं. अर्जदार भारतात नोंदलेली संस्था पाहिजे, कंपनी, एलएलपी वगैरे, परदेशी कंपनीला थेट अर्ज करता येत नाही. परदेशी पैसा घेणार असाल तर लाँच व्हेइकलमधे 49 टक्क्यांपर्यंत आपोआप मार्गाने म्हणजे आधी मंजुरी न घेता चालतो, त्याच्या वर गेलात तर सरकारी मंजुरी लागते, पार्ट बनवणाऱ्यांना मात्र 100 टक्क्यांपर्यंत मुभा आहे.

अर्ज इन-स्पेसच्या ऑनलाइन पोर्टलवरच भरायचा, नाशिकमधे बसून होतो. कंपनीची कागदं म्हणजे नोंदणी, पॅन, शेअरहोल्डिंग, डायरेक्टरांची माहिती, ताळेबंद, हे तुमचा सीए चार दिवसात जमवेल. खरा वेळ खातो तो टेक्निकल भाग: रॉकेटची पूर्ण माहिती, मार्ग कसा असणार, टप्पे कुठे पडणार, भरकटलं तर उड्डाण कसं थांबवणार, वर काय सोडणार, दुसऱ्या सॅटेलाइटला धडक बसू नये म्हणून काय बघितलं, अवकाशात कचरा किती राहणार, आणि नुकसान झालं तर भरपाईची म्हणजे विम्याची सोय काय. सबऑर्बिटल, म्हणजे कक्षेत न जाता वर जाऊन परत खाली येणारं उड्डाण असलं तरी परवानगी लागतेच.

इतकं का विचारतात, तर 1967 आणि 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारांमुळे खाजगी रॉकेट दुसऱ्या देशात पडलं तरी भरपाईची जबाबदारी भारत सरकारवर येते, म्हणून सेफ्टीची तपासणी सैल व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. सैल व्हायला हवी होती ती दहा ऑफिसं फिरायची कटकट, आणि ती झाली, कारण संबंधित मंत्रालयांशी बोलणी आता इन-स्पेसच करतं. अर्ज पूर्ण असेल तर निर्णयाला साधारण 75 ते 120 दिवस धरा, अर्धवट असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. छोट्या कंपनीला चार महिने पगार देत बसणं जड जातं, ही मुदत अजून कमी व्हायलाच पाहिजे.

टेस्टिंगसाठी इस्रोच्या सोयी वापरायच्या असतील तर त्यासाठी इन-स्पेसबरोबर वेगळा एमओयू म्हणजे सामंजस्य करार आणि मग ज्या सेंटरला काम आहे त्यांच्याबरोबर कामाचा प्लॅन ठरतो. उड्डाण नाशिकहून नाही होणार, खाली समुद्र लागतो, म्हणून श्रीहरिकोटाच, पुढे तमिळनाडूतलं कुलशेखरपट्टणम. स्कायरूट या खाजगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट 18 नोव्हेंबर 2022 ला श्रीहरिकोटाहूनच गेलं, अग्निकुल या दुसऱ्या खाजगी कंपनीने तर 30 मे 2024 ला तिथेच स्वतःच्या लाँचपॅडवरून आपलं रॉकेट उडवलं.

म्हणून डिझाइन चालू असतानाच सेफ्टीची फाइल लिहायला घ्या आणि त्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा, रॉकेट तयार झाल्यावर ती लिहायला बसलात तर सगळं पुन्हा मोजावं लागतं.