मानवी हक्कांच्या अभ्यासासाठी माहिती अधिकाराचा अर्ज : सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी

मानवी हक्क आणि समानतेवर प्रबंध लिहिणारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं प्रश्नावली घेऊन थेट गावात जातात. त्याआधी एक अर्ज टाकाच. माणसं काय सोसतात ते माणसं सांगतील, पण त्यांच्यासाठी कागदावर काय मंजूर होतं हे सरकारी दप्तरातच सापडतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हक्क डावलला गेला असं ठामपणे लिहिता येत नाही.

2005च्या माहिती अधिकार कायद्याखाली भारताचा कोणीही नागरिक अर्ज करू शकतो. कॉलेजचं पत्र किंवा गाइडची सही लागत नाही, आणि माहिती कशाला हवी हे सांगण्याचं बंधनही नाही. अर्ज संस्थेच्या नव्हे, स्वतःच्या नावाने करा. सोबत 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तर दाखल्याची प्रत पुरते, शुल्क माफ असतं. पोच किंवा स्पीड पोस्टची पावती मात्र जपून ठेवा.

भाषेबाबत नीट समजून घ्या. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा मान्य करतो. म्हणजे बेळगावात कन्नड. मराठीत अर्ज करावासा वाटणं अगदी रास्त आहे, मलाही वाटतं. पण माहिती वेळेत हवी असेल तर कन्नड येणाऱ्या मैत्रिणीला शेजारी बसवून अर्ज लिहून घ्या.

खरी कसोटी प्रश्नात आहे. कर्नाटकच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा. ‘मराठी शाळांवर अन्याय का होतो?’ याला उत्तर मिळणार नाही, कारण अधिकाऱ्याने दप्तरातली नोंद द्यायची असते, मत नव्हे. त्याऐवजी असं मागा : खानापूर तालुक्यातील सरकारी प्राथमिक शाळांची माध्यमनिहाय यादी, प्रत्येक शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक), पटसंख्या, मंजूर, भरलेली आणि रिक्त शिक्षकपदं, 2019-20 पासून वर्षवार. कन्नड माध्यमाचे आकडेही त्याच अर्जात हवेत. तुलनेशिवाय विषमता सिद्ध होत नाही, आणि पटसंख्येशिवाय रिक्त पदांचा आकडा अर्धवट राहतो.

हा अर्ज बीईओ ऑफिसला, म्हणजे तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला जातो. जिल्हाभराची माहिती हवी असेल तर बेळगाव आणि चिकोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत, तेव्हा दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करा. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज 5 दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

उत्तराची मुदत 30 दिवस. ती टळली तर माहिती फुकट द्यावी लागते. पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्यातील वरिष्ठांकडे पहिलं अपील, आणि तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरं.

यादी हाती आली की निवडक शाळांत स्वतः जा. कागदावर भरलेल्या पदावरचा शिक्षक डेप्युटेशनवर दुसरीकडे असू शकतो. हे सांगणाऱ्या मुख्याध्यापकांची संमती घ्या. प्रबंधात त्यांचं आणि शाळेचं नाव घालू नका. लहान तालुक्यात नुसत्या पटसंख्येवरूनही शाळा ओळखू येते, म्हणून तो आकडाही गटात मांडा.