लाइनअप कार्ड (बेसबॉल)

सामन्यापूर्वी संघाचा फलंदाजीक्रम आणि क्षेत्ररक्षणाच्या जागा लिहून अंपायरच्या स्वाधीन करावयाचे पत्रक. क्रिकेटमध्ये नाणेफेकीपूर्वी अकरा नावे दिली, तरी कोणी कितवे खेळायचे हे कर्णधार ऐनवेळी बदलू शकतो. बेसबॉलमध्ये कार्डावरचा क्रम सामना संपेपर्यंत बांधील असतो. बदली खेळाडूही ज्याच्या जागी आला त्याच्याच क्रमांकावर खेळतो.

होम प्लेटपाशी (फलंदाज उभा राहतो ती जागा) आधी यजमान, मग पाहुणा संघ आपले कार्ड दोन प्रतींत देतो. मुख्य अंपायर प्रती ताडून पाहतो, मूळ स्वतःकडे ठेवतो व दुसरी प्रतिस्पर्धी मॅनेजरला (संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला) देतो. ‘अस्सल’ कार्ड कोणते, हा जुनी कार्डे जमवणाऱ्या संग्राहकांतील वाद येथूनच सुरू होतो. नियमाच्या दृष्टीने अंपायरकडील प्रतच प्रमाण. बाजारात मात्र डगआउटच्या (मैदानालगत खेळाडू बसतात त्या जागेच्या) भिंतीला चिकटवलेल्या मोठ्या कार्डाला मान असतो. त्यावर चिकटपट्टीचे डाग असतात, बाहेर गेलेल्यांच्या नावांवर रेघा मारून शेजारी बदल्यांची नावे कोंबलेली असतात, कडेला राखीव खेळाडूंची यादी असते. सामना कसा वळत गेला हे त्यावरून वाचता येते. संशोधकाला तेच अधिक उपयोगाचे. हस्ताक्षराविषयी मात्र सावध राहावे लागते. सही मॅनेजरची असली, तरी मजकूर अनेकदा त्याच्या सहायकाने, म्हणजे बेंच कोचने, लिहिलेला असतो.

क्रम आधी ठरवून देण्याचे बंधन बहुधा १९ व्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात रुळले. त्या काळातील क्रम मुख्यतः वृत्तपत्रांतील धावफलकांवरून जुळवावे लागतात. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या रेट्रोशीट या स्वयंसेवी संस्थेने जुन्या सामन्यांचे तपशील गोळा केल्याने कार्ड पडताळण्यास आधार मिळाला. १९२९ मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाने सदऱ्यांवर घातलेले क्रमांकही फलंदाजीक्रमावरूनच आले : बेब रूथ ३, लू गेरिग ४.

२ मे १९३९ रोजी डेट्रॉइट येथे सलग २,१३० सामन्यांनंतर गेरिगने स्वतःहून विश्रांती घेतली आणि कर्णधार या नात्याने आपले नाव नसलेले कार्ड स्वतःच अंपायरकडे नेले. १ सप्टेंबर १९७१ रोजी पिट्सबर्ग पायरेट्सचे मॅनेजर डॅनी मर्टॉ यांनी दिलेल्या क्रमातील नऊही खेळाडू कृष्णवर्णीय वा लॅटिन अमेरिकी होते. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) तसे पूर्वी घडलेले नव्हते. १९८० मध्ये बाल्टिमोरचे मॅनेजर अर्ल वीव्हर त्या दिवशी खेळणारच नसलेल्या पिचरचे (चेंडू फेकणाऱ्याचे) नाव डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा खेळाडू, म्हणून लिहीत आणि पाळी येताच परिस्थितीनुसार हवा तो फलंदाज पाठवीत. पुढे नियम बदलून ही पळवाट बुजवण्यात आली.

लेखणीची चूकही महाग पडते. १७ मे २००९ रोजी टँपा बेचे मॅनेजर जो मॅडन यांच्या कार्डावर इव्हान लाँगोरिया व बेन झोब्रिस्ट या दोघांपुढे तिसऱ्या बेसचीच जागा लिहिली गेली. क्लीव्हलँडच्या मॅनेजरने ती चूक दाखवून दिली. लाँगोरियाला त्या सामन्यातून बाहेर राहावे लागले, डेझिग्नेटेड हिटरची सवलत गेली आणि पिचर अँडी सोनान्स्टाइनला तिसऱ्या क्रमांकावर बॅट घ्यावी लागली. त्याने धाव मिळवून देणारा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला व टँपा बेने सामना ७–५ असा जिंकला.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने ‘ऑपरेशन बुलपेन’ मोहिमेत बनावट सह्यांचे मोठे जाळे उघडकीस आणले. त्यानंतर २००१ पासून मेजर लीगने स्वतःची प्रमाणीकरण योजना चालवली : मैदानावर नेमलेला साक्षीदार, बहुधा आजी वा माजी पोलीस अधिकारी, वस्तूवर क्रमांकित होलोग्राम लावतो. २००४ च्या वर्ल्ड सिरीजमधील (मेजर लीगच्या अंतिम मालिकेतील) बॉस्टन रेड सॉक्सच्या निर्णायक चौथ्या सामन्याचे डगआउट कार्ड लिलावात १,६५,०१० डॉलरला गेले.