पार्श्वभूमी: जॅझ ड्रमरचा उजवा पाय

१९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका डान्स बँडने पिट्सबर्गहून आलेल्या आपल्या ड्रमरला काढून टाकलं. तक्रार अशी, की तो ठेका मोडतो. हा प्रसंग नेहमी निकालासकटच सांगितला जातो: बँडप्रमुख जुनाट, ड्रमर द्रष्टा. प्रकरण इतकं सोपं नव्हतं.

तोवर लय धरायचं काम बेस ड्रमचं, म्हणजे उजव्या पायाच्या पेडलने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं. विसाच्या दशकाअखेर हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटवायची झांजांची जोडी आली, चारपैकी दुसरी आणि चौथी मात्रा डाव्या पायाकडे गेली. उजवा पाय मात्र चारही मात्रा देतच राहिला. नाचणाऱ्यांची पावलं त्यावरच पडत. पण लय मिनिटाला ३०० मात्रांवर गेली, की पायाला सेकंदाला ५ ठोके, तेही सलग काही मिनिटं. पोटरी आखडते, ठोका मागे पडतो, डबल बेस (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) पुढे निघून जातो. या ड्रमरने ठेका उजव्या हाताने राइड या मोठ्या टांगत्या झांजेवर नेला आणि मोकळा झालेला पाय ब्रासच्या (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनच्या) फटक्यांना अवचित ठोसे द्यायला वापरला. नाचायला आलेल्यांच्या दृष्टीने ही खोडीच होती, त्यामुळे बँडप्रमुखाचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. पुढे न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातला एक क्लब चालवायला घेतल्यावर त्यानेच या ड्रमरला तिथे नेमलं, हे सांगायचं बहुधा राहून जातं.

त्या ठोशांना ‘बॉम्ब’ म्हणू लागले आणि घोटाळा तिथे झाला. नव्या शैलीत बेस ड्रम फक्त बॉम्बपुरता, असा समज पसरला. प्रत्यक्षात अनेक जण चारही मात्रा वाजवतच होते, फक्त अगदी हलक्या. याला फेदरिंग म्हणतात. टाच पेडलवर टेकलेली, फेल्टचा बीटर (पेडलला जोडलेला, ड्रमवर आपटणारा गोळा) कातड्यापासून इंच-दोन इंचांवर, आणि ठोका दाबून न धरता लगेच सोडायचा. डबल बेस वाजवणाऱ्याला तो जाणवावा, श्रोत्याला वेगळा ऐकू येऊ नये. टाच उचलली की मांडीचं वजन उतरतं आणि डबल बेसचे खालचे सूर बुजतात. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात एवढा हलका आवाज क्वचितच उतरला. रेकॉर्डवरून शिकणाऱ्यांना पाय गप्प वाटला तो त्यामुळे.

१९४४ मध्ये अमेरिकेत नाच-गाण्याच्या ठिकाणांवर ३० टक्के कर बसला, पुढे तो २० वर आला. नुसतं वाद्यसंगीत ऐकवणाऱ्या छोट्या जागांना त्याने बळ दिलं. चार-पाच जणांच्या संचाला २८ इंची ड्रम नको होता. तो २० वर, मग १८ इंचांवर आला. दोन्ही कातडी ताणून, आत काही न कोंबता लावलेल्या १८ इंचीत बीटर दाबून धरला, तर सूर गुदमरतो आणि बीटर कातड्यावर फडफडतो. म्हणजे ठोका लगेच सोडायची सवय इथेही लागतेच.

तो ड्रमर १९५६ मध्ये पॅरिसला गेला, साठच्या दशकात तिकडे एका बिग बँडचा सहप्रमुख झाला. त्या बँडमध्ये पुढे त्याच्या जोडीला दुसराही ड्रमर बसू लागला.