तुमच्या खोक्यातली वस्तू ज्या गावची, त्या सावंतवाडीविषयी

नमस्कार.

आमच्या दुकानातून लाकडी फळे, भातुकली, लग्नाचे पाट किंवा गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) नेणारे बरेच जण पैसे देता देता दोन गोष्टी विचारतात. हे सगळे इथेच बनते का? आणि इथेच का बनते? दुकानात गर्दी असली की उत्तर अर्धे राहते, म्हणून ते छापून प्रत्येक खोक्यात ठेवतो आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे: होय. दुसऱ्यासाठी थोडे मागे जावे लागते.

गाव वसले कसे

सावंतवाडी म्हणजे महाराष्ट्राचा दक्षिण कोपरा. बांदा ओलांडले की गोवा, आंबोली चढून गेले की घाटमाथा आणि पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटरवर वेंगुर्ल्याचे बंदर. सावंत भोसल्यांचे घराणे या मुलखात गावाच्याही आधीपासून आहे. मांग सावंतांनी १५५४ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचे ठाणे होडावड्याला होते. पुढच्या पिढ्यांना पुन्हा विजापूरची चाकरी पत्करावी लागली. १६२७ मध्ये खेम सावंत स्वतंत्रपणे कारभार पाहू लागले. त्यांचे चिरंजीव लखम सावंत काही काळ शिवाजी महाराजांच्या बाजूला होते, नंतर परत विजापूरकडे गेले. त्या काळी दोन मोठ्या सत्तांच्या मधल्या लहान सरदाराला अशीच वाट काढावी लागे.

लखम सावंतांचे भाऊ फोंड सावंत यांनी १६७० च्या सुमारास चराठे गावच्या हद्दीत आजचे गाव वसवले. तेव्हाचे नाव सुंदरवाडी. आजही आसपासच्या खेड्यांतला माणूस बाजाराला निघाला की ‘वाडीक जातंय’ एवढेच सांगतो. जागेची निवड आम्हाला फार विचारपूर्वक केलेली वाटते. चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे समुद्रावरून येणाऱ्या शत्रूच्या थेट तडाख्यात गाव येत नाही. बंदर मात्र दिवसभराच्या चालीवर. शिवाय वेंगुर्ल्याहून रामघाटाने बेळगावकडे जाणारा माल याच टापूतून जायचा. मीठ, नारळ, सुपारी वर आणि धान्य, कापड खाली. व्यापाऱ्यांचा राबता असलेल्या आणि दरबार नांदत असलेल्या गावात कारागीर टिकतो, कारण त्याच्या वस्तूला गिऱ्हाईक मिळते.

तिसरे खेम सावंत आणि चितार आळी

आमच्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा काळ तिसऱ्या खेम सावंतांचा, म्हणजे १७५५ ते १८०३. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी त्यांची सोयरीक होती. १७६३ मध्ये त्यांना दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला आणि त्यावरून कोल्हापूरकरांशी वैर वाढले. हे सगळे आयुष्य लढायांत गेले. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे आजच्या गोव्यातले तालुके पूर्वी सावंतवाडीच्या अमलाखाली होते. अठराव्या शतकात ते एकेक करून पोर्तुगिजांकडे गेले. पेडण्याकडची मंडळी दुकानात आली की आम्ही त्यांना हे आवर्जून सांगतो, कारण त्या भागाचे आणि वाडीचे नाते अजून सोयरिकीत आणि बोलीत शाबूत आहे.

एवढ्या धामधुमीतही या राजाच्या कारकिर्दीत राजवाडा उभा राहिला आणि दरबारात विद्वानांचा आदर झाला. तेलंगणातून आलेल्या पंडितांकडून त्यांना गंजिफाच्या खेळाची माहिती मिळाली आणि त्यांनी तो इथल्या चिताऱ्यांकडून करवून घेतला, असे सांगितले जाते. चितारी म्हणजे रंगकाम आणि लाखकाम करणारी मंडळी. त्यांची वस्ती ती चितार आळी. पाळणे, देव्हारे, चौरंग, पाट, खेळणी अशी घरात लागणारी प्रत्येक रंगीत लाकडी वस्तू या आळीतून बाहेर पडे.

गंजिफा

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पेटी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती कपाटात ठेवायची शोभेची वस्तू वाटते. हा खेळ आहे, आणि तो खेळला जावा अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पाने गोल असतात. दशावतारी गंजिफात १२० पाने, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने. त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, कल्कीच्या पानांवर तलवारी अशा खुणांनी रंग ओळखायचा. तिघांनी बसून खेळायचे, प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नसतो. दिवसा खेळताना रामाच्या राजाचा मान पहिला, रात्री खेळताना कृष्णाच्या. निम्म्या अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी सर्वांत मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवणारा जिंकतो. त्यामुळे शाळकरी मुलांची स्मरणशक्ती घासूनपुसून निघते आणि बोलता बोलता दहा अवतारही पाठ होतात. चंगकांचन नावाचा दुसरा प्रकार ९६ पानांचा आणि आठ रंगांचा असतो.

जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, घोटून पान तयार होई. त्यावर हाताने चित्र आणि शेवटी लाखेचा हात. आता कापडाऐवजी जाड कागद वापरतात. चित्र मात्र आजही कुंचल्यानेच काढले जाते, म्हणून एकाच पेटीतल्या दोन माशांचे डोळे तंतोतंत सारखे नसतात. तो दोष समजू नये.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला मरणाच्या दारात गेली. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफा करणारा हात जवळजवळ उरलाच नव्हता. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी आळीतल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच कारखाना सुरू केला. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून काम करताना आजही दिसतात. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या राणीसाहेबांनी आयुष्यभर यात लक्ष घातले. २०१८ मध्ये त्या गेल्या. आमच्यासारखी लहान दुकाने आज गंजिफा विकू शकतात, ती त्या दोघांमुळे. हे ऋण आम्ही मानतो.

मधली वर्षे

१८१२ मध्ये वेंगुर्ला इंग्रजांना द्यावे लागले, १८३८ मध्ये कारभारही त्यांच्या हाती गेला आणि १८४४ मध्ये त्याविरुद्ध मोठे बंड झाले. विसाव्या शतकात बापूसाहेब महाराजांनी १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे राज्य केले. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी गावात अजून सांगतात. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात गेला, १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. पुढे कोकण रेल्वे आली. स्टेशन मळगावला असल्याने तिथून गावात यायला रिक्षा करावी लागते.

वस्तू कशी सांभाळाल

फळे पांगाऱ्याच्या लाकडाची आहेत. हे लाकूड हलके आणि मऊ, कोरायला सोपे, पण ओल धरते. पुसायला कोरडे मऊ कापड वापरा, पाणी किंवा साबण नको. थेट उन्हात रंग उतरतो. कातलेल्या वस्तूंवर लाख त्या लेथवर फिरत असतानाच घासून चढवलेली असते. तिची चकाकी कमी झाली तर कोरड्या कापडाने जोरात घासा, परत येते. गंजिफाची पाने दमट हातांनी धरू नका आणि पावसाळ्यात पेटी घट्ट बंद ठेवा.

फणस, काजू, कोकम, आंबा ही आमची नेहमीची फळे. दुसरे काही हवे असेल तर नमुना किंवा फोटो पाठवा, करून देऊ. हाताचे काम असल्याने गंजिफाच्या पेटीला वेळ लागतो. लग्नासाठी पाट हवे असतील तर मुहूर्त ठरला की लगेच कळवा. पावसाळ्यात रंग सुकायला उशीर होतो, म्हणून जून ते सप्टेंबरमधल्या मागण्यांना आम्ही जास्त मुदत मागतो.

गावी आलात तर आधी मोती तलावाला एक फेरी मारा, काठावरचा राजवाडा पाहा आणि मग चितार आळीत शिरा. काम सुरू असेल तर कारागिराशी जरूर बोला. भाव करताना मात्र ती वस्तू करायला त्याला किती वेळ लागला, हे त्यालाच विचारून घ्या.