मागच्या गाडीला आधी ठरवू द्या

साडेपाच मीटर डांबर. गोव्यातल्या कित्येक आतल्या रस्त्यांच्या वाट्याला जेमतेम एवढंच येतं. पुढे लगेच लाल मातीची कडा, गटार किंवा कोणाच्या तरी कुळागराचा, म्हणजे बागायतीचा, गडगा. म्हणजे आपल्या बाजूला पावणेतीन मीटर. लहान मोटार आरसे सोडून साधारण 1.7 मीटर रुंद असते, सायकलचं हॅन्डल 60 सेंटिमीटर. आता पहाटे सायकलवरून पाव घेऊन निघालेला पोदेर, म्हणजे पाववाला, भिडस्तपणे अगदी कडेला, डांबराच्या टोकापासून 10 सेंटिमीटरवर चालतोय असं समजा. सायकल आणि मोटार मिळून 2.4 मीटर झाले, उरले 35 सेंटिमीटर. त्यातला निम्मा भाग मोटारीचा डावा आरसाच खातो. तरीही मागच्या चालकाला वाटतं, ‘जाते की गाडी!’ तो ब्रेकवर पाय ठेवत नाही, समोरून कोणी येतंय का हे नीट बघत नाही, सरळ घुसतो.

हाच पोदेर कडेपासून एक मीटर आत चालला, तर हॅन्डलचं उजवं टोक 1.3 मीटरवर येतं. त्यात मोटार मिळवली की तीन मीटर. गाडी मावत नाही, आणि हे तीस मीटर मागूनच दिसतं. चालकापुढे दोनच मार्ग उरतात: मागे थांबायचं, किंवा समोरचा रस्ता मोकळा बघून पूर्ण पलीकडे जाऊन ओव्हरटेक करायचं. दोन्ही आपल्या सोयीचे. चालकाला शहाणं करायला उपदेश लागत नाही. त्याला निर्णय लवकर आणि स्पष्ट घ्यावा लागेल अशी जागा धरावी लागते.

याला एक पुस्ती जोडायला हवी. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयान वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारा सेन्सर लावून दोन हजारांहून जास्त ओव्हरटेक मोजले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सायकलस्वार कडेपासून जितका आत, तितकं गाडीचं अंतर थोडं कमी भरलं. म्हणून आत चालणं हा सगळीकडचा नियम नव्हे. राष्ट्रीय महामार्ग 66 वर रुंद साइडपट्टी आहे तिथे साइडपट्टीच वापरावी. पण अरुंद रस्त्यावर आत असण्याचा दुसरा फायदा राहतोच: कोणी अंगावर आलंच, तर डावीकडे सटकायला मीटरभर जागा हाताशी असते. कडेला चिकटलेल्याला फक्त गटार. (हेल्मेट घातलं की गाड्या किंचित जवळून गेल्या, हा त्याच अभ्यासाचा गाजलेला भाग. 2013 मध्ये इतर संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासून त्यावर शंका घेतली. हेल्मेट घरी ठेवायला ही सबब चालणार नाही.)

जागा घ्यायची ती अरुंद ठिकाणी पोचल्यावर नव्हे, त्याच्या पाच-सहा सेकंद आधी. पणजी-रायबंदर कॉजवे घ्या. 1633-34 मध्ये बांधलेला हा रस्ता आजच्या बसगाड्या डोळ्यांपुढे ठेवून आखलेला नाही. ताशी 18 किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला पाच मीटर कापते, म्हणजे चिंचोळ्या भागाच्या 25-30 मीटर अलीकडेच हालचाल सुरू व्हायला हवी. आधी उजव्या खांद्यावरून मागे बघा. यात आपल्याला गाडी दिसते, आणि चालकाला पाठीऐवजी चेहरा दिसतो. मग उजवा हात आडवा, दोन-तीन सेकंद. मग हात परत ब्रेकवर, आणि त्यानंतरच हळूहळू आत. बहुतेकांचं चुकतं ते इथे: हात आणि सायकल एकदमच बाहेर काढतात. दुसरी अडचण म्हणजे मान वळवली की हॅन्डलही उजवीकडे ओढलं जातं. डावं कोपर सैल ठेवून मोकळ्या मैदानात दहा-वीस वेळा सराव केला की हे जातं. रस्ता रुंद झाला की लगेच डावीकडे या आणि हात वर करून आभार माना. विनाकारण अडवून धरलेला चालक पुढच्या सायकलवाल्यावर राग काढतो.

कपड्यांबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये सात वेगवेगळ्या पोशाखांची तुलना केली. ‘नवखा’ असं लिहिलेलं जॅकेट, शर्यतीचे कपडे, भडक पिवळा रंग, कशानेच फारसा फरक पडला नाही. अंतर वाढलं ते एकाच पोशाखाने: पोलिसांची आठवण करून देणारा आणि चित्रीकरण चालू असल्याचं सांगणारा. त्यातही वाढ काही सेंटिमीटरचीच होती, आणि पोशाख कुठलाही असो, शंभरात एक-दोन गाड्या 50 सेंटिमीटरच्या आतून गेल्याच. म्हणून कॅमेरा लावायचाच तर चालकाला दिसेल असा लावा. पिवळं जॅकेट घालायचं ते दिसण्यासाठी. अंतर मिळेल म्हणून नव्हे.

तेही दिवसाच. फ्लुरोसंट रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, रात्री तो साधा कपडा. ऑस्ट्रेलियात रात्री बंद ट्रॅकवर केलेल्या आणि 2012 मध्ये छापलेल्या चाचणीत काळ्या कपड्यांतले सायकलस्वार चालकांनी शंभरात 2 वेळा ओळखले, फ्लुरोसंट जॅकेटमधले 15 वेळा, परावर्तक जॅकेटमधले 50 वेळा. त्याच परावर्तक जॅकेटला घोट्या-गुडघ्यांवर पट्ट्यांची जोड दिली, तेव्हा 90 वेळा! वर-खाली होणारे ठिपके बघून मेंदू क्षणात ‘माणूस’ ओळखतो. स्थिर ठिपका मैलाचा दगडही असू शकतो. ऑटो पार्ट्सच्या दुकानात दोन इंची रिफ्लेक्टिव्ह टेप मिळते. पेडलच्या दांड्यांवरही लावा. आधी स्पिरिटने ग्रीस पुसा, कोपरे गोल कापा. चौकोनी कोपऱ्यातून पावसाचं पाणी शिरतं आणि पंधरा दिवसांत टेप सुटते. पोदेराच्या टोपलीवरचं प्लॅस्टिक मागे लोंबून लाल दिवा झाकतं. दिवा त्याच्या खाली, मडगार्डवर बसवला की प्रश्न मिटतो.

मोटरसायकलवाल्यांची अडचण वेगळी. नाक्यावर थांबलेला मोटारवाला डावी-उजवीकडे बघतो तेव्हा त्याचा डोळा सलग सरकत नाही, उड्या मारतो, आणि उडीच्या क्षणी मेंदू दृश्य दाबून टाकतो. त्यात मोटारीच्या समोरच्या काचेच्या कडेचा खांब वीस मीटरवरची अख्खी स्कूटर लपवतो. आणि दिसली तरी लहान वस्तू दूर आणि हळू येतेय असं वाटतं. ताशी 60 किलोमीटरने सेकंदाला जवळपास 17 मीटर जातात. तो एक सेकंद चुकला की संपलं. रस्ता कोरडा असेल तर नाक्याआधी आपल्याच पट्ट्यात अर्धा मीटर हळुवार डावी-उजवीकडे सरका, म्हणजे खांबामागून बाहेर याल आणि डोळ्यात भराल. हेडलाइट दिवसाही चालू हवा. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींना तो आपोआप लागतो, जुन्या स्कूटरचं बटण हाताने दाबा. न्यूझीलंडमधल्या 2004 च्या अभ्यासात दिवसा दिवा लावणाऱ्यांना इजेचा धोका 27 टक्क्यांनी, तर पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना काळ्याच्या तुलनेत 24 टक्क्यांनी कमी आढळला. चालकाशी नजरानजर झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा, गाडी हलते ते आधी तिथे कळतं.

मागच्याला सांगायचं ते ब्रेक लाइटने. गिअर नसलेल्या स्कूटरचा ॲक्सिलरेटर सोडला की ती मंदावते, पण दिवा पेटत नाही. मागच्या टिप्परला काही कळतच नाही. म्हणून वेग कमी करण्याआधी ब्रेक दोनदा नुसता टेकवा. खाऱ्या हवेत लिव्हरजवळच्या स्विचच्या टोकांना हिरवट गंज चढतो आणि दोनपैकी एका ब्रेकचा दिवा महिनोन् महिने बंद असतो. संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, दोन्ही ब्रेक एकेक करून दाबा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. वळून गेल्यावर इंडिकेटर बंद केलाय ना, हेही. चालू राहिलेला इंडिकेटर बघून नाक्यावरचा माणूस गाडी बाहेर काढतो, आणि त्यात चूक त्याची नसते.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की ती भाड्याची गाडी. चालवणाऱ्याची नजर बहुधा फोनच्या नकाशावर असते आणि तो ऐनवेळी वळतो, तेव्हा तिच्या बाजूने न जाता मागेच राहा. खासगी मिनीबस तर ओव्हरटेक करून दहा मीटरवर बाजूला घेते. इथे चालकापेक्षा दारात उभा असलेला कंडक्टर कामाचा. त्याच्याकडे बघून हात हलवा. शिट्टी त्याच्या तोंडात आहे, आणि डावीकडे कोण आहे हे चालकाला तोच सांगतो.